हात द्यायचा राहिला

आमच्या गावचं नाटक मी आजवर समोरून पाहिलेलं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षापासून दर जत्रेला मी स्टेजच्या डाव्या अंगाला, पडद्याच्या आड, सुईदोरा घेऊन बसते. कुणाचा फेटा सुटतो, कुणाची नाडी ऐन दरबारात दगा देते, म्हणून शिवणारं एक माणूस तिथं लागतंच. तिथून नट दिसतात ते पाठमोरे. माणसं मात्र समोर दिसतात, सगळीच्या सगळी. त्यामुळं नाटकात काय चाललंय हे मला लोकांच्या तोंडावरून कळतं. त्यांची भाषणं कुणी पाठ करून घेतलेली नसतात, म्हणून मला नटांपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा.

गाव नेवासा तालुक्यातलं, मुळा नदीच्या काठावरचं. नाटक गावच्याच एका गुरुजींनी लिहिलेलं, ते वारूनही आता बराच काळ झाला. गोष्ट सुलतानांच्या वेळची. गादीवरचा राजपुत्र लहान, म्हणून सगळा कारभार एका कारभाऱ्याच्या हाती. माणूस सरळ, त्यामुळं सरदारांना कुरणं मोकळी मिळत नाहीत. मग एक दिवस तबकात विडा ठेवला जातो, की ह्याचा काटा कोण काढतो, आणि तो विडा उचलतो कारभाऱ्याचाच लहानपणापासूनचा मित्र असलेला सरदार. शेवटच्या अंकात तो भर दरबारात कारभाऱ्याला मारतो. इतिहासात असं कधी झालं की नाही ते मला ठाऊक नाही. गुरुजींनी बखरी वाचल्या होत्या म्हणतात. गावाला मात्र ते आपल्याच वेशीत घडल्यासारखं वाटत आलं.

ह्या नाटकात कारभारी व्हायचे ते माझे मालक. आमच्याकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतातच, पण माझ्या नवऱ्याला सगळं गाव कारभारी म्हणायचं, अगदी दूध डेअरीवरसुद्धा. मी चिडवायची, की घरात एक कपबशी उचलत नाही आणि गावाचा कारभार बघतोय. सरदार व्हायचा तो त्यांचा लंगोटीयार. दोघं नदीत एकत्र पोहायला शिकलेले, एका वर्गात मार खाल्लेले. तो मला वहिनी म्हणायचा आणि तालमीनंतर आमच्याच ओट्यावर बसून चहा प्यायचा.

सुरुवातीची वर्षं मला चांगली आठवतात. खुनाच्या वेळी बायकांच्या बाजूला मुसमुसणं सुरू व्हायचं. माझ्या सासूबाईंना चांगलं माहीत असायचं की आपला लेक अजून घटकाभरानं घरी येऊन भाकरी मागणार आहे, तरी त्यांचा पदर तोंडाला जायचा. एक म्हातारी तर दरवर्षी उभी राहून सरदाराला शिव्या द्यायची, आणि त्या शिव्या गुरुजींच्या भाषणांपेक्षा सरस असायच्या. सरदाराला दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहा मिळायचा नाही. मिळाला तर बिनसाखरेचा.

मी यायच्या आधी एकदा हे फारच हाताबाहेर गेलं होतं. खून झाल्यावर काही माणसं स्टेजवर चढली आणि सरदार झालेल्या बिचाऱ्याला बेदम मारलं. तेव्हापासून गावातल्या मोठ्या माणसांनी एक रीत घालून दिली. खून झाला की पडदा पाडायचा नाही. मारणाऱ्यानं हत्यार खाली ठेवायचं, मेलेल्याला हात द्यायचा, उठवायचं, आणि दोघांनी मिळून लोकांना नमस्कार करायचा. मेलेल्यानं आपण होऊन उठायचं नाही. आणि हात दिला जाईपर्यंत लोकांतल्या कुणीही जागा सोडायची नाही, पोर कितीही रडत असलं तरी. दुसऱ्या दिवशी मारणाऱ्याच्या घरी मेलेल्याला पुरणपोळीचं जेवण. सरदाराची आई आमच्या ह्यांना वाढताना म्हणायची, खा रं बाबा, काल लई लागलं असंल. त्यावर सगळे हसायचे.

ही रीत मारणाऱ्याला वाचवण्यासाठी होती, हे लक्षात ठेवा. मेलेल्याला कधी वाचवावं लागेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

करोनानंतर जत्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा पुष्कळ काही बदललं होतं. दहाच्या आत माईक बंद करावा लागतो आणि संध्याकाळ ऑर्केस्ट्राला दिलेली, म्हणून नाटक दुपारी चारला ठेवायला लागले. पूर्वी माझ्यासमोर अंधारात फक्त पुढच्या दोन-चार ओळी दिसायच्या. आता ऊन थेट लोकांच्या तोंडावर. शेवटच्या माणसाच्या भुवया हलल्या तरी मला दिसायला लागल्या.

त्या पहिल्याच वर्षी खुनाच्या वेळी मागून कुणीतरी शिट्टी मारली. बरीच डोकी वळली, एका म्हाताऱ्यानं दम भरला. पुढच्या वर्षी शिट्ट्या जास्त आणि वळलेली डोकी कमी. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी वळलंच नाही, कारण सगळ्यांचे मोबाईल वर होते. संध्याकाळपर्यंत तो खून गाणं लावून, हळू करून, पोरांच्या स्टेटसला लागला. मग चौकात सरदाराचा फ्लेक्स आला, मिशीला पीळ दिलेला, खाली शुभेच्छुकांची रांग. कारभाऱ्याचा फ्लेक्स कुणी लावला नाही. मी ह्यांना म्हटलं, मरणाऱ्याचे फ्लेक्स दहाव्यालाच लागतात. बोलून गेले आणि माझं मलाच नको वाटलं.

ह्याच वर्षांत नदीचं सुरू झालं. वाळूचे डंपर आधी चोरून यायचे, मग उघड यायला लागले. आमची विहीर नदीच्या कडेला. पात्र खोल खोल होत गेलं तशी विहीर आटत गेली. ह्यांनी ग्रामसभेत उभं राहून विचारलं, की नदी कुणाच्या बापाची आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकानंही तोंड उघडलं नाही. हे तहसीलला गेले, तक्रार दिली, पुन्हा गेले, आणि शेवटी एक डंपर पकडला गेला. डंपर मोठ्या लोकांचा होता, बाहेरगावच्या. पण त्यात आमच्या सरदाराची पाती होती. आधी तो ट्रॅक्टर चालवायचा, मग भागीदार झाला होता. त्यानंतर तो ओट्यावर यायचा बंद झाला. तालमीत दोघं गुरुजींची वाक्यं बोलायचे आणि वाक्यं संपली की एकमेकांकडं बघायचे नाहीत.

गेल्या वर्षी जत्रेच्या आधी घरासमोर एक जीप येऊन उभी राहायला लागली. इंजिन चालू ठेवायचे, कुणी उतरायचं नाही, थोड्या वेळानं निघून जायचे. मग डेअरीवर दूध घालायला गेले तेव्हा तिथल्या माणसानं खाली बघत मला निरोप सांगितला. त्याला कुणी सांगितला ते त्यानं सांगितलं नाही.

"कारभाऱ्याला म्हनावं, नाटकापुरतंच मरावं."

रिकामी किटली घेऊन मी तडक घरी आले. मी ह्यांना म्हटलं, ह्या वर्षी काम करू नका. ते म्हणाले, नाही केलं तर म्हणतील भ्याला. मी म्हटलं, म्हणू द्या, भ्यालेली माणसं निदान जेवायला घरी असतात. दोन दिवस आमचं बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं अंगरखा काढला आणि डाव्या बाजूला आतून छुपा खिसा शिवायला घेतला.

ह्या खिशात रक्त असतं. कुंकवाच्या पाण्यात थोडा गूळ कालवायचा म्हणजे ते दाट होतं, मग पेप्सीकोल्याच्या लांब पिशवीत भरून तोंडाला गाठ मारायची. सरदारानं कट्यार खुपसली की कारभाऱ्यानं काखेत पिशवी दाबायची. कट्यार लाकडाची, वर चांदीचा कागद. दरवर्षी तो डाग मी भिजवून, चोळून काढते, आणि दरवर्षी त्याची एक फिकट कड राहतेच.

त्या वर्षी जत्रेच्या दिवशी सरदार स्टेजमागं आला तेव्हा त्याच्या हातात कट्यार नव्हती, कोयता होता. पोरांनी हट्ट धरला म्हणाला. सुलतानाच्या दरबारात ऊस तोडायला गेला होता का हा सरदार, असं मी विचारलं. तो हसला नाही. धार काढलेली न्हाई वहिनी, बोथट हाय, एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मी पातं बोटानं बघायला हवं होतं, पण तोवर घंटा झाली होती.

मैदान भरलं होतं. पुढं सतरंज्यांवर बायका आणि म्हातारी माणसं, मागं पोरं मोटारसायकलींवर चढून बसलेली. आणि सगळ्यांत पुढं, पाहुण्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, चार अनोळखी माणसं पांढऱ्या शर्टात. त्यांना कुणी बोलावलं, कुणी बसवलं, कळलं नाही. पहिला अंक सुरू झाला आणि त्यांच्यातल्या एकानं खुर्ची वळवली. आधी मला वाटलं ऊन लागत असेल. मग बाकीच्या तिघांनीही वळवल्या. आता त्यांच्या पाठी स्टेजकडं होत्या आणि तोंडं लोकांकडं. इतक्या वर्षांत त्या मैदानात लोकांकडं बघणारी मी एकटीच होते. त्या दिवशी आणखी चौघं होते, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

ह्यांनी काम चांगलं केलं. शेवटच्या अंकात कारभारी म्हणतो, की मी उद्या नसलो तरी हा दरबार माझा साक्षीदार आहे. पूर्वी ह्या वाक्याला मैदान गप्प व्हायचं. त्या दिवशी मागून कुणीतरी ओरडलं, "मार आता." आणि हसू पसरत पुढच्या ओळींपर्यंत आलं. पूर्वी मुसमुसणाऱ्या बायकांनीही पदर तोंडाला लावला होता, पण तो हसू दाबायला.

कोयता आला. पिशवी फुटली, अंगरखा लाल झाला, हे खाली कोसळले, आणि मैदानात असा जल्लोष झाला की स्टेजच्या फळ्या हादरल्या. रीतीप्रमाणं आता सरदारानं वाकायचं होतं. तो वाकायलाही लागला होता, मी बघितलं. तेवढ्यात ओरडा सुरू झाला.

वन्समोर.

गाण्याला वन्समोर मी ऐकला होता, मरणाला कधी नाही. आधी मागची पोरं, मग मधले, मग टाळ्यांच्या ठेक्यावर सगळेच. सरदारानं हात मागं घेतला आणि त्या पांढऱ्या शर्टांकडं बघितलं. त्यांच्यातल्या एकानं मागं वळून मान हलवली. मग सरदारानं कोयत्यानं खूण केली आणि माझे मालक आपल्या पायांनी उठून पुन्हा मरायला उभे राहिले. का उठलात, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, लोकं म्हणत होती.

दुसऱ्यांदा कोयता लागला तेव्हा रक्त निघालं नाही. पिशवी एकच असते. लोकांना ते पटेना. रक्त कुठंय, रक्त कुठंय, असं ओरडायला लागले, हसत हसत. कुणीतरी जत्रेतला गुलाल उधळला, मग मुठीच्या मुठी आल्या. पडलेल्या माणसावर गुलाल टाकताना मी पहिल्यांदा बघितलं. पोरं स्टेजवर चढली, सरदाराला खांद्यावर घेतलं, ढोल सुरू झाला आणि मिरवणूक देवळाकडं निघाली.

हे तिथंच पडून राहिले. हात दिल्याशिवाय उठायचं नाही, ही रीत त्यांच्या अंगात भिनलेली. डोळे मिटलेले, तोंडावर गुलाल, छाती मात्र हलत होती, तिच्याकडं मी आधी बघून घेतलं. मग मैदानाकडं बघितलं. ज्या म्हाताऱ्यांनी ती रीत घातली त्यांच्यातले जे उरलेत ते चपला शोधत होते. बायका सतरंज्या झटकत होत्या. दोघी-तिघींनी माझ्याकडं बघितलं आणि पोराचं नाक पुसायला घेतलं. सरदाराची आई बराच वेळ बसून होती. ती उठेल असं मला वाटलं, कारण आईनं हात दिला असता तरी चाललं असतं, कुणी नाही म्हटलं नसतं. ती उठली आणि भिंतीला धरून घराकडं गेली.

चौघं शेवटपर्यंत बसले होते. मैदान रिकामं झाल्यावर त्यांनी खुर्च्या उचलून नीट एकावर एक ठेवल्या, आणि जीपकडं गेले.

मी स्टेजवर गेले. "उठा," म्हटलं.

ह्यांनी डोळे न उघडता विचारलं, "गेले का सगळे?"

"गेले."

मग ते हाताचा टेका घेऊन एकटेच उठले. घरी अंगरखा काढला तेव्हा दिसलं की डाव्या बाजूला कापड वीतभर फाटलंय, उसवलेलं नाही, कापलेलं. खाली कातडीवर एक लालसर रेघ होती. मी हळद लावली. बोथट कोयता, असं मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, आणि मग मला रडू आलं ते थांबेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाचं बोलावणं आलं नाही. ऊन उतरल्यावर सरदार स्वतःच आला, हातात पुरणपोळीचा डबा घेऊन. ओट्यावर चढला नाही, अंगणातच उभा राहिला. हे जमिनीवर बसून दोर वळत होते, त्यांनी मान वर केली नाही. तो माझ्याशीच बोलला.

"वहिनी, ती मानसं नाटक बघाया आल्ती का? त्येंनी मला आधीच इचारलं हुतं. तुमचा कारभारी पडला तर गाव उठंल का, म्हनले. मी म्हनलं, उठंल. लई उठंल. म्हनून ते बघाया आले." त्यानं डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. "आता इचारत न्हाईत."

मला मैदान पुन्हा दिसलं, झटकलेल्या सतरंज्या, शोधलेल्या चपला. सगळं त्यांना दिसलं होतं. मला जितकं दिसत होतं तितकंच.

मग सरदारानं डबा खाली ठेवला आणि ह्यांच्यापुढं हात केला. खरंच केला. त्याचे डोळे भरले होते, मी खोटं सांगणार नाही. म्हणाला, तक्रार मागं घे गड्या, आन् ऊठ.

ह्यांनी त्या हाताकडं बघितलं. मग अंगणाकडं, रिकाम्या रस्त्याकडं.

"काल द्यायचा हुता," ते म्हणाले. "इथं कोन बघतंय?"

तो गेला. पोळ्या फेकवेनात, अन्नाचा काय दोष, म्हणून गाईला घातल्या.

तक्रार ह्यांनी मागं घेतली नाही. मी घ्या म्हटलं, भांडले, माहेरी जाईन म्हटलं, आणि गेले नाही. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर रानात जायला लागले. शिवायला आलेल्या ब्लाउजचे हूक आणि काज मी आता बांधावर बसून करते. डंपरचा आवाज आला की सुई थांबते. गावात आमच्याशी कुणी वाईट वागत नाही, वाईट वागले असते तर बरं. सगळे फार हळू बोलतात. डेअरीवर ह्यांना पुढं जाऊ देतात. हॉटेलवाला चहात साखर जास्त घालतो. आजारी माणसाशी बोलावं तसं बोलतात, आणि ह्यांना तर काहीच झालेलं नाही. मला भीती वाटते. साधी, पोटातली भीती, भाकरी थापताना, केस विंचरताना. आणि भीतीपेक्षा संताप जास्त येतो.

आता पुन्हा जत्रा जवळ आलीय. गेल्या आठवड्यात कमिटीतला एक जण आला. चांगला माणूस, आमच्या लग्नात पंगतीला वाढत होता. कारभाऱ्याचा अंगरखा लहान करून द्या म्हणाला, आणि माप सांगितलं. खांदे अरुंद, बाह्या आखूड. मी विचारलं, ह्या वर्षी दुसरं कुणी करणार आहे का? ह्यांनी तर नाही म्हटलेलं नाही.

तो म्हणाला, "न्हाई, पन आता ते नसतील ना."

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. तोंड उघडंच राहिलं. हे आत मोटारीची वायर जोडत बसले होते, त्यांचं शीळ घालणं आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. मग त्यानं चप्पल घातली आणि माप तसंच सोडून निघून गेला.

मी अंगरखा लहान केला नाही. फाटलेल्या जागी आतून ठिगळ लावलं, बारीक टाके घातले, ह्यांच्याच मापाचा ठेवला. धुऊन समोरच्या अंगणात दोरीवर घातलाय, रस्त्याच्या बाजूला तोंड करून. वाळून चार दिवस झाले, तरी काढलेला नाही. देवळाकडं, शाळेकडं, नदीकडं जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो. मी दारात मशीन घेऊन बसते आणि लोकांची तोंडं बघते, आजवर बघत आले तशीच. मान वर करून कोण जातं, खाली घालून कोण जातं. बहुतेक खाली घालूनच जातात.